तारेनं हाताचं ऐकलं तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘‘नऊ देऊ, दहा देऊ, की अकरा?’’

काउंटरपलीकडच्या गृहस्थांनी विचारलं आणि मी नुसता त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. मुंबईत धोबी तलावाच्या बाजूला वाद्यांची दुकानं आहेत, त्यातल्या एका दुकानात मी उभा होतो. भाचीच्या इलेक्ट्रिक गिटारसाठी तारांचा एक संच घ्यायचा, एवढंच काम होतं. मला वाटलं होतं, तारा म्हणजे तारा. दोऱ्याचं रीळ घ्यावं तशा घ्यायच्या आणि घरी यायचं.

खरं सांगायचं तर मी तारा घ्यायला गेलो होतो तो एका हट्टापायी. भाची तेव्हा तेरा वर्षांची होती. कुणाकडून तरी तिला एक जुनी इलेक्ट्रिक गिटार मिळाली होती आणि मोठ्या उत्साहानं ती शिकवणीला जाऊ लागली होती. चार महिन्यांत उत्साह संपला. बोटांची टोकं सुजायची. शिकवणाऱ्यांना सांगितलं तर ते म्हणायचे, बोटांतून रक्त आल्याशिवाय गिटार येत नाही. अखेर एक तार तुटली आणि ते निमित्त होऊन गिटार कपाटामागे गेली. मी विचारलं तेव्हा पोरगी म्हणाली, ‘‘मामा, माझी बोटंच गिटारची नाहीत.’’

हे वाक्य मला फार लागलं. तेराव्या वर्षी कुणी स्वतःबद्दल असा कायमचा निकाल देऊ नये.

तर मी तुटलेली तार कागदाच्या पुडीत बांधून नेली होती. त्या गृहस्थांनी ती बोटांत फिरवली, मग खणातून एक मायक्रोमीटर काढून मोजली आणि म्हणाले, ‘‘बारा! साहेब, मुलगी केवढी आहे?’’ मी वय सांगितलं. त्यांनी मान हलवली. ‘‘तिच्या बोटांचा दोष नाही. हिच्यावर नऊ लावा आणि महिनाभरानं मला सांगा.’’

मंडळी, नऊ आणि बारा या दोन आकड्यांमध्ये केवढा इतिहास दडला आहे, हे मला त्यानंतर हळूहळू वाचत गेल्यावर कळलं. आज तोच तुम्हाला सांगणार आहे.

आधी हे आकडे म्हणजे काय ते पाहू. गिटारची तार इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. नऊची तार म्हणजे एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले नऊ भाग जाडीची. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर जेमतेम पाव मिलिमीटर. बाराची तार साधारण ०.३ मिलिमीटर. डोळ्यांना फरक दिसतही नाही. संचात सहा तारा असतात, पण ओळखायला सर्वांत बारीक पहिल्या तारेचा आकडा सांगतात. ‘नऊचा सेट’ म्हणजे ज्याची पहिली तार नऊची आहे तो.

आता डोळ्यांना न दिसणारा हा फरक बोटांना का कळतो? याचं उत्तर मारँ मेर्सेन नावाच्या एका फ्रेंच धर्मोपदेशकानं १६३६-३७ साली छापलेल्या ग्रंथात देऊन ठेवलं आहे. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो, हे त्यानं गणितात मांडलं. तारेची लांबी, तिच्यावरचा ताण आणि तिचं वजन. लांबी तीच आणि स्वरही तोच हवा असेल, तर जड तारेला जास्त ताणावं लागतं. आणि वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. नवाचा वर्ग ८१, बाराचा वर्ग १४४. म्हणजे जाडी एक तृतीयांशानं वाढली, पण ताण जवळजवळ पावणेदोन पटींवर गेला! फेंडर पद्धतीच्या गिटारवर पहिली तार नऊची असेल तर तिच्यावर सुमारे सहा किलो वजनाइतका ताण असतो. बाराची असेल तर साडेदहा किलोंहून अधिक. तेरा वर्षांच्या मुलीची बोटं रोज या साडेदहा किलोंशी झुंजत होती आणि आम्ही सगळे तिला सांगत होतो, बाई, रियाज वाढव.

मग प्रश्न असा पडतो, की इतक्या जाड तारा आल्या कुठून? कुणी आणि का वापरल्या?

मूळची गिटार ही तातीवर वाजायची. तात म्हणजे मेंढीच्या आतड्याची दोरी. आपल्याकडे सारंगीला असते तीच. वरच्या तीन तारा तातीच्या आणि खालच्या तीन रेशमावर धातूची तार गुंडाळलेल्या, अशी रचना असे. इटलीत आब्रुत्सो प्रांतात साल्ले नावाचं एक डोंगराळ गाव आहे. तिथली कुटुंबंच्या कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ताती वळण्याचा धंदा करत. त्यातलंच डॅडारिओ हे एक घराणं. या घराण्यातली माणसं १९०५ साली न्यूयॉर्कला जाऊन राहिली आणि ताती विकू लागली. आज जगातल्या सर्वांत मोठ्या तार-उत्पादकांपैकी एक कंपनी याच कुटुंबाची आहे.

तातीचा आवाज गोड, पण लहान. दिवाणखान्यात पुरतो, सभागृहात पुरत नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाचगाण्याचे मोठाले ताफे आले. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ढोल यांच्या गदारोळात बिचाऱ्या गिटारला कोण विचारतो? मग गिटारवाल्यांनी पोलादाची तार चढवली. पियानोसाठी कणखर पोलादी तार बनवण्याचं तंत्र एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झालं होतं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात जेम्स हॉर्सफॉल याने १८५० च्या दशकात पोलादाची तार उष्णता देऊन विशेष मजबूत करण्याची रीत काढली. १८६६ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकली गेली, तिच्या चिलखतासाठी याच कारखान्याची तार वापरली होती. बर्मिंगहॅम हे नाव लक्षात ठेवा, आपल्याला तिथं परत जायचं आहे.

पोलादी तार आली आणि गिटारचा आवाज वाढला. तार जितकी जाड, तितकं ती लाकडाला जास्त हलवते आणि तितका आवाज मोठा. म्हणून जाझ ताफ्यातले गिटारवाले बाराच्या, तेराच्या तारा चढवू लागले. तिसरी तारसुद्धा नुसती नसे, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली असे. बोटांवर घट्टे पडत, पण त्याला इलाज नव्हता. जाड तारेला कारण होतं आणि ते कारण अगदी खरं होतं. आवाज तारेतून काढायचा होता.

आणि मग ते कारणच नाहीसं झालं.

१९३१ साली लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम नावाच्या एका गिटारवादकानं चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं यांची एक जोडणी तयार केली. चुंबकाजवळ पोलादाची तार थरथरली की वेटोळ्यात विजेचा बारीकसा प्रवाह निर्माण होतो, हे फॅरडेनं शंभर वर्षांपूर्वीच, १८३१ साली, दाखवून दिलेलं तत्त्व. तो प्रवाह रेडिओसारख्या यंत्रातून मोठा केला की झाली इलेक्ट्रिक गिटार. अडॉल्फ रिकनबॅकर या कारखानदाराच्या मदतीनं १९३२ साली ती बाजारात आली. आकार गोल, दांडा लांब, म्हणून लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणू लागले. ही गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूचा दांडका फिरवून वाजवायची होती. म्हणजे आपण ज्याला हवाईयन गिटार म्हणतो ती. आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना हा आवाज नव्यानं सांगायला नको. व्हॅन शिपले यांच्या रेकॉर्डवर चित्रपटगीतांच्या धुना ऐकत एक पिढी मोठी झाली आहे.

या शोधात तारांच्या दृष्टीनं एक मोठी गोम होती. आवाजाचं काम आता तारेकडून काढून घेतलं गेलं होतं. तारेनं फक्त चुंबकासमोर हलायचं, मोठं करायला यंत्र आहे. तात आणि नायलॉन या वाद्यावर मुकेच, कारण चुंबकाला ते दिसतच नाहीत. पण पोलादाची तार बारीक असली तरी चालणार होती. आवाज कमी वाटला तर यंत्राची कळ थोडी फिरवली की झालं.

असं असूनही तारा बारीक झाल्या नाहीत. १९५० च्या सुमारास लिओ फेंडर यांची भरीव लाकडाची गिटार आली, १९५४ मध्ये त्यांची प्रसिद्ध स्ट्रॅटोकॅस्टर आली. वाद्य पार बदललं, संगीत बदललं, वाजवणारी पोरं बदलली. तारांची पाकिटं मात्र तीच राहिली, बाराची आणि तेराची. कारखान्यांत तशाच निघत होत्या, दुकानांत तशाच मिळत होत्या आणि शिक्षक तशाच लावायला सांगत होते. गरज संपली होती, सवय उरली होती. तीस वर्षं उरली.

मंडळी, मला या साऱ्या इतिहासात हीच तीस वर्षं सर्वांत बोलकी वाटतात. कारण पुढे एक चमत्कारिक गोष्ट घडते. जे मुळात नाइलाज म्हणून सोसलं जात होतं, तेच हळूहळू गुण मानलं जाऊ लागतं. जाड तार म्हणजे खरा गिटारवाला, बारीक तार म्हणजे कच्चा. घट्टे हे वाद्यामुळे पडतात हे विसरून, घट्टे म्हणजेच विद्या असं लोक समजू लागतात.

सवय पहिल्यांदा मोडली ती वाजवणाऱ्यांनीच, तीही जुगाड करून. रॉक अँड रोल आणि ब्लूज वाजवणाऱ्या पोरांना तार बाजूला ओढून स्वर चढवायचा असे. आपल्याकडे सतारीवर ज्याला मींड म्हणतात, तोच हा प्रकार. माणसाच्या गळ्यासारखा आवाज त्यानं येतो. पण जाड तार, त्यातून तिसरी तार गुंडाळलेली, ती ओढायची कशी? गुंडाळलेल्या तारेत ताण फक्त आतली बारीक तार सोसते, बाहेरचं वेटोळं नुसतं वजन वाढवतं. त्यामुळे ती तितकीच ओढली तरी स्वर कमी चढतो. नुसत्या तारेचा जास्त चढतो. लुइझियानातल्या जेम्स बर्टन या तरुण गिटारवादकानं १९५० च्या दशकात यावर तोड काढली. वरच्या तारांच्या जागी त्यानं बँजोच्या बारीक तारा लावल्या आणि गिटारच्या तारा खाली सरकवल्या. दुकानात हवा तो संच मिळत नसेल, तर दोन वाद्यांच्या पाकिटांतून तो घरीच जमवायचा! ही युक्ती हातोहात पसरली.

पण प्रत्येक नवशिक्याला हे कोण सांगणार? इथं गोष्टीत अर्नी बॉल येतात.

अर्नी बॉल हे कॅलिफोर्नियातले गिटारवादक आणि शिक्षक. लॉस एंजेलिसजवळ टार्झाना इथं १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी दुकान काढलं, त्यात फक्त गिटारी. त्या काळी वाद्यांच्या दुकानात पियानो हवा, ढोल हवेत. लोकांना हा माणूस वेडा वाटला. पण दुकानासोबत शिकवणीही चाले, म्हणून बॉल यांना एक गोष्ट रोज दिसत होती. नवी मुलं सगळ्यात जास्त अडखळतात ती तिसऱ्या तारेवर. गुंडाळलेली, जाडजूड, २९ ची तार. कोवळ्या बोटांना ती दबतच नसे.

बॉल यांनी फेंडर कंपनीला सुचवलं, की हलक्या तारांचा एक संच काढा. कंपनीला त्यात रस वाटला नाही. मग बॉल यांनी तारा बनवणाऱ्या एका कारखान्याकडून २४ ची साधी, न गुंडाळलेली तिसरी तार करून घेतली. पुढे, बँजोची युक्ती करणारे गिटारवाले दुकानात येत होतेच, त्यांचं पाहून १९६२ साली त्यांनी संपूर्ण नवा संच बाजारात आणला. पहिली तार दहाची, तिसरी नुसती सतराची, सहावी ४६ ची. नाव ठेवलं स्लिंकी. जिन्यावरून उतरणारी ती लवचीक स्प्रिंग काहींना आठवत असेल, तीच कल्पना. पाकिटं भडक रंगांची. शिवाय सुट्या तारा वेगवेगळ्या जाडीत ठेवल्या, ज्याला हवा तसा संच जुळवावा.

हा सारा शोध म्हणजे काय होतं? नवा धातू नव्हता, नवं यंत्र नव्हतं. एका शिक्षकानं विद्यार्थ्याच्या कपाळावरची आठी पाहिली आणि दोष बोटांचा नसून तारेचा असू शकेल असं मनात आणलं, इतकंच. काही वर्षांतच सगळ्या कंपन्यांनी हलके संच काढले. अर्नी बॉल २००४ साली वारले. आज फेंडरच्या बहुतेक नव्या गिटारी नऊच्या तारा लावून येतात आणि गिब्सनच्या दहाच्या.

आता सांगितल्याप्रमाणे बर्मिंगहॅमला परत जाऊ या. साल १९६५. तिथल्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा कामाला होता. त्याला एका वाद्यवृंदाबरोबर युरोपच्या दौऱ्यावर जायचं होतं आणि कारखान्यातला तो त्याचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, हातातलं काम पुरं करून ये. तो गेला. यंत्रावर नेहमीचा कामगार आला नव्हता म्हणून त्याला तिथं उभं केलं. यंत्राचं पातं खाली आलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. टोनी डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा.

डॉक्टरांनी सांगितलं, गिटार विसर. तेव्हा कारखान्यातल्या एका वरिष्ठानं त्याला एक रेकॉर्ड आणून ऐकवली. वादक होता जँगो राइनहार्ट. आगीत भाजून डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाल्यावरही युरोपात नाव काढलेला जाझ गिटारवादक. टोनीनं भांडी घासायच्या द्रवाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिच्या दोन टोप्या बनवल्या, घासून बोटांना बसवल्या आणि वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. शिंप्याची अंगुस्तानं असतात ना, तशी. पण टोपीतून तारेचा अंदाज येत नाही आणि जाड तार दाबली की दुखायचं. त्यानं तार कंपन्यांना विचारलं, हलके संच करून द्याल का? त्या म्हणाल्या, असल्या तारा चालणार नाहीत आणि विकल्याही जाणार नाहीत. मग त्यानंही बँजोच्या तारांचाच आसरा घेतला. पुढे वेल्समधल्या पिकाटो या छोट्या कंपनीनं त्याच्यासाठी हलके संच काढायचं मान्य केलं.

एवढ्यावर तो थांबला नाही. १९७१ मधल्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या अल्बमच्या वेळी त्यानं तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. मेर्सेनच्या गणितानं पाहिलं तर ताण जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाला. बोटांना आराम मिळाला आणि आवाज असा खोल, काळोखा झाला, की त्यातून संगीताचा एक नवा पंथच उभा राहिला. टोनीच्या वाद्यवृंदाचं नाव ब्लॅक सबाथ आणि पंथाचं नाव हेवी मेटल. ज्याला जग ‘हेवी’ म्हणतं त्या संगीताच्या मुळाशी हलक्या आणि सैल तारा आहेत! ५ जुलै २०२५ रोजी या वाद्यवृंदाचा अखेरचा कार्यक्रम झाला, तोही बर्मिंगहॅममध्येच. टोनी आयोमी बोटांना टोप्या घालून वाजवत होते. ज्या शहरात पोलादी तारेला बळ चढवलं गेलं, त्याच शहरातल्या एका जखमी हातानं तिला नरम केलं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे बारीक तारच चांगली. तसंही नाही. टेक्सासच्या स्टीव्ही रे व्हॉन यांचं उदाहरण पाहा. १९८३ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला आणि ब्लूजला नवं बळ मिळालं. ते तेराच्या तारा वापरत. तारा अर्धा स्वर उतरवून ताण थोडा कमी करत, पण तरीही तो प्रचंडच. त्यांच्या मनगटात ती ताकद होती आणि त्यांना जो घणाघात हवा होता तो जाड तारेतून मिळत होता. बोटांची सालटं निघाली की ते ती झटपट चिकटणाऱ्या गोंदानं बसवत. हे वाचून किती तरुणांनी तेराच्या तारा चढवल्या असतील! पण पुढे बोटांच्या त्रासामुळे त्यांनाही काहीशा हलक्या तारांकडे वळावं लागलं, हे त्यांच्या गिटारची निगा राखणाऱ्या तंत्रज्ञानं सांगून ठेवलं आहे. ते सहसा कुणी सांगत नाही.

याच टेक्सासचे दुसरे नामवंत म्हणजे झीझी टॉप या वाद्यवृंदाचे बिली गिबन्स. तरुणपणी तेही जाड तारांचे भक्त. ते स्वतः एक आठवण सांगतात. एकदा थोर ब्लूज गायक-वादक बी. बी. किंग यांनी त्यांची गिटार हातात घेतली, थोडी वाजवली आणि परत देत विचारलं, की बाबा रे, एवढी मेहनत कशाला करतोस? गिबन्स यांनी तेव्हापासून हलक्या तारा धरल्या. पुढे तर ते चक्क सातच्या तारांवर आले. त्यांचा आवाज ऐकून कुणालाही तो पातळ वाटत नाही. आवाज बोटांत असतो, यंत्रात असतो, आघातात असतो. तार त्यातला एक भाग.

जाडीइतकंच तारेच्या धातूचंही आहे. १९५० च्या दशकात गुंडाळणीला बहुधा शुद्ध निकेल वापरत. त्याचा आवाज मवाळ, गोलसर. पुढे पोलादावर निकेलचा मुलामा दिलेली तार रुळली. तिचा आवाज अधिक लखलखीत. आज बहुतेक संच याच जातीचे असतात. मुंबई-कोकणच्या हवेत आणखी एक शत्रू आहे, घाम आणि दमटपणा. पावसाळ्यात तारा बघता बघता गंजतात. त्यावर १९९० च्या दशकात पावसाळी कपड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गोअर या कंपनीनं तारेवर अतिशय पातळ पापुद्रा चढवण्याची युक्ती आणली. अशा तारा महाग असतात, पण टिकतात. काहींना त्यांचा स्पर्श गुळगुळीत वाटतो म्हणून त्या आवडत नाहीत. इथंही निवाडा बोटांचाच.

हे सारं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. आमच्या मिरजेत जा. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सतारीचा बाज कुणासाठी आणि कशासाठी, हे पाहून कारागीर तार ठरवतो. कुणाला कितव्या नंबरची तार लागते, कुणाच्या हाताला किती ताण मानवतो, हे जाणकार कारागिराला तोंडपाठ असतं. वाद्य आणि हात यांची गाठ घालून देणं, हाच तर त्याचा धंदा.

म्हणून कुणी मला विचारलं, की गिटारला कुठली तार चांगली, तर मी आता कंपनीचं नाव सांगत नाही. मी विचारतो, हात कुणाचा? लहान मूल असेल, नवशिका असेल, तर नऊनं सुरुवात करावी. गिब्सन जातीची गिटार लांबीला थोडी आखूड असते, तिच्यावर त्याच तारेचा ताण पाच-सहा टक्क्यांनी कमी होतो, म्हणून तिथं दहा सहज चालतात. स्वर उतरवून वाजवायचं असेल तर जाड घ्याव्या, नाही तर तार लोंबते. जोरकस आघात करणाऱ्यालाही थोडी जाड तार मानवते. जाडी बदलली की ताण बदलतो, गिटारचा दांडा किंचित वाकतो किंवा सरळ होतो, तेव्हा जाणकाराकडून वाद्य पुन्हा लावून घ्यावं. आणि तीन-चार वेगळे संच वापरून पाहिल्याशिवाय आवडती तार ठरवू नये. गाडीभाड्याहून फार महाग नाही हा प्रयोग.

रियाजाला पर्याय नाही, हे मलाही मान्य आहे. नऊच्या तारेवरही पहिले काही आठवडे बोटं दुखतातच. पण जे दुखणं शिकवतं ते वेगळं आणि जे दुखणं हाकलून लावतं ते वेगळं. या दोहोंतला फरक ओळखणं ही शिकवणाऱ्याची जबाबदारी. एखादी कठोर रीत चालत आली असेल तर एकदा तरी विचारावं, की ही कशासाठी सुरू झाली होती आणि ते कारण अजून शिल्लक आहे का?

भाचीच्या गिटारवर आम्ही नऊच्या तारा चढवल्या. पहिल्या दिवशी तिनं एक तार दाबली, मग दुसरी, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘‘मामा, ही तीच गिटार आहे?’’ महिनाभरानं मी त्या दुकानदारांना सांगायला मुद्दाम गेलो. ते हसले, दुसरं काही बोलले नाहीत.

याला आता तीन वर्षं झाली. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. ‘‘मामा, धोबी तलावाला जाणार असलास तर माझ्यासाठी तारा आण. पण नऊ नको हं, त्या आता फार सैल वाटतात. दहा आण.’’